रात्री दोनच्या कॉलला कोण जाणार? पोलीस आणि मानसिक आरोग्य सेवा यांची जोडी उभी करायची असेल तर

मानसिक त्रास एकदम वाढला, माणूस घरात तोडफोड करतोय किंवा गच्चीच्या कठड्यावर जाऊन बसलाय, घरचे घाबरून फोन करतात आणि दारात येतात ते पोलीस. यात पोलिसांचा दोष नाही, चोवीस तास फोन उचलणारे आणि लगेच गाडी पाठवणारे बहुतेक ठिकाणी तेच असतात म्हणून त्यांच्यावर येतं. पण त्यांचं बरंचसं ट्रेनिंग असतं ते गुन्हेगाराला आवरायचं, म्हणजे आवाज चढवून हुकूम द्यायचा, ऐकलं नाही की ताबा घ्यायचा. आता ज्याला आधीच वाटतंय की सगळे आपल्या मागे लागलेत त्याच्यासमोर चार युनिफॉर्मवाले ओरडत उभे राहिले तर तो शांत कसा होणार? आणि दुसरीकडे ज्यांना बोलून शांत करायचं जमतं ते डॉक्टर, नर्स, काउन्सेलर भेटतात ओपीडीच्या वेळेत, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी कुणी नाही.

हे दोघं एकत्र काम कसं करू शकतात ते इथे स्टेप बाय स्टेप लिहिते. सुरुवात कुणीही करू शकतं, पोलीस अधिकारी, हॉस्पिटलवाले, एखादी संस्था, नाहीतर ज्यांच्या घरात कुणी आजारी आहे असे नातेवाईक सुद्धा. एक गोष्ट मात्र आधीच ठामपणे सांगून टाकते कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. बहुतेक लोक ट्रेनिंगपासून सुरू करतात, हॉल बुक होतो, तज्ज्ञ येऊन बोलून जातात, सर्टिफिकेट वाटली जातात, फोटो निघतात. खरं तर सुरुवात शेवटच्या टोकापासून करायला हवी. पोलिसाने त्या माणसाला रात्री दोन वाजता न्यायचं कुठे, तिथे त्याला ताब्यात घेणार कोण, आणि पोलीस किती मिनिटांत मोकळा होणार? याचं उत्तर नसेल तर कितीही चांगलं ट्रेनिंग दिलं तरी शेवट लॉकअपमध्ये होतो नाहीतर हॉस्पिटलच्या बाकड्यावर.

मेम्फिसमध्ये नेमकं काय झालं होतं

या विषयावर कुणीही बोलायला लागलं की मेम्फिसचं नाव येतंच, म्हणून ते नीट समजून घेऊ. अमेरिकेतल्या या शहरात सप्टेंबर १९८७ मध्ये एक २७ वर्षांचा तरुण चाकूने स्वतःलाच जखमा करून घेत होता, मदतीसाठी पोलिसांना बोलावलं गेलं, पोलीस आले, त्याने चाकू टाकला नाही आणि पोलिसांच्या गोळ्यांनी तो गेला. लोक प्रचंड चिडले. त्यातून १९८८ मध्ये क्रायसिस इंटरव्हेन्शन टीम म्हणजे सीआयटी उभी राहिली, त्यात पोलीस होते, तिथली विद्यापीठं होती आणि मानसिक आजार असलेल्यांच्या कुटुंबांची संघटना होती. ही संघटना तिथे पाहुणी म्हणून नव्हती, बरोबरीने होती.

पुढे जगभर याची नक्कल झाली आणि नक्कल कशाची झाली तर ४० तासांच्या कोर्सची. पण मेम्फिसमध्ये त्या कोर्सइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट होती ती म्हणजे एका हॉस्पिटलने मान्य केलं की पोलीस ज्याला आणतील त्याला आम्ही परत पाठवणार नाही आणि पोलिसांना लवकर मोकळं करू. हा अर्धा भाग अनेक ठिकाणी गाळला गेला, आणि मग सीआयटी करूनही फरक का दिसत नाही म्हणून लोक विचारत बसतात. सीआयटीवर झालेल्या अभ्यासांत पोलिसांची समज आणि दृष्टिकोन सुधारतो हे बऱ्यापैकी दिसतं, पण नुसत्या कोर्समुळे बळाचा वापर किंवा मृत्यू कमी होतात याचा पुरावा तेवढा पक्का नाही. यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

पायरी १: टेबलाभोवती कोण पाहिजे

पोलिसांकडून फक्त मोठे साहेब नकोत. साहेबांची सही लागते, त्यांच्याशिवाय काही हलत नाही हे खरं, पण कंट्रोल रूमचा इनचार्ज आणि नाईट शिफ्ट करणारा एखादा हवालदार किंवा सब-इन्स्पेक्टर हे दोघं असलेच पाहिजेत कारण प्रत्यक्षात काय होतं ते त्यांना माहीत असतं. हॉस्पिटलकडून सायकियाट्रिस्ट बरोबर कॅज्युअल्टीचे डॉक्टर, कारण माणूस पहिल्यांदा त्यांच्याच दारात येतो आणि तेच विसरले जातात. अँब्युलन्स सेवा, हेल्पलाईन चालवणारे, बेघर लोकांसाठी किंवा व्यसनमुक्तीचं काम करणारी संस्था.

आणि ज्यांनी स्वतः हा आजार भोगलाय असे किमान दोन जण. एक नको, दोन, कारण एकट्या माणसाला अशा मीटिंगमध्ये बोलायला जड जातं. त्यांना विचारा की तुम्हाला नेलं तेव्हा सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली? सायरनची, हातकडीची, शेजारीपाजारी बघत होते त्याची, की कुठे नेतायत हेच कुणी सांगितलं नाही त्याची? अशा उत्तरांवरून अर्धे नियम आपोआप लिहून होतात.

यानंतर एक समन्वयक नेमा. जमलं तर पूर्ण वेळ, आणि शक्यतो असा की ज्याला पोलीसही फोन करतील आणि डॉक्टरही उचलतील. नुसत्या कमिटीवर सोडलेलं काम होत नाही.

पायरी २: मागचे तीन महिन्यांचे कॉल उघडा

हे कंटाळवाणं काम आहे पण टाळू नका. पोलिसांच्या रेकॉर्डमध्ये 'मानसिक आरोग्य' असा वेगळा प्रकार कदाचित नसेलच, हे कॉल दुसऱ्याच नावांखाली दडलेले असतात, घरगुती भांडण, आरडाओरडा, संशयास्पद इसम, बेपत्ता व्यक्ती, आत्महत्येचा प्रयत्न, रस्त्यात अडथळा. त्यामुळे नुसते कोड मोजून भागत नाही, नोंदी वाचाव्या लागतात. वाचताना चार गोष्टी बघा: कॉल कोणत्या वेळी येतात, कोणत्या पत्त्यांवरून परत परत येतात, पोलिसांचा किती वेळ जातो (हॉस्पिटलमध्ये ताटकळण्याचा वेळ वेगळा काढा), आणि शेवटी माणूस कुठे पोचला, घरी, हॉस्पिटलात, की लॉकअपमध्ये.

यात दोन गोष्टी हमखास हाती लागतात. एक म्हणजे थोडीच घरं अशी असतात जिथून सारखा सारखा फोन येतो. दुसरं म्हणजे बऱ्याच कॉलमध्ये शस्त्र नसतं, गुन्हा नसतो, मारामारी नसते, तिथे पोलीस जायची गरजच नव्हती. हे आकडे समोर असले की मीटिंगमधली चर्चा एकदम बदलते, आधी 'आमच्याकडे स्टाफ नाही' पासून सुरू होणारी माणसं आता 'शनिवारी रात्रीचं काय करायचं' असं बोलायला लागतात.

पायरी ३: जागा ठरवा, आणि दार बंद होणार नाही याची खात्री करा

मला विचाराल तर सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा.

सध्या बहुतेक ठिकाणी काय होतं बघा. पोलीस माणसाला घेऊन कॅज्युअल्टीत जातात. तिथे सांगतात दारू प्यायलाय, उतरू दे मग आणा. दुसरीकडे सांगतात बेड नाही. तिसरीकडे सांगतात आधी नातेवाईक आणा, कागद आणा, रक्त तपासून आणा. दोन पोलीस चार पाच तास अडकून पडतात, इकडे त्यांच्या एरियात गाडी नाही म्हणून वरून फोन येतात, आणि तो माणूस एवढा वेळ बाकड्यावर बसून अजून बिथरतो. पुढच्या वेळी तोच पोलीस काय करेल? एकतर समजूत घालून घरी सोडून येईल नाहीतर किरकोळ कलम लावून आत बसवेल कारण ते दहा मिनिटांत होतं. त्यात त्याचा वाईट हेतू असेलच असं नाही, व्यवस्थेनेच लॉकअपचा रस्ता सोपा आणि हॉस्पिटलचा अवघड करून ठेवलाय, आपल्याला ते उलटं करायचंय.

अमेरिकेतच ॲरिझोना राज्यातल्या टुसॉनमध्ये २०११ साली एक क्रायसिस सेंटर सुरू झालं, त्यात पोलिसांसाठी वेगळं दार आहे आणि पोलिसांनी आणलेल्या माणसाला नाही म्हणायचं नाही हा नियम. चिडलेला आहे, नशेत आहे, कागद नाहीत, तरी घ्यायचं. पोलीस थोड्या मिनिटांत परत रस्त्यावर. साहजिकच पोलिसांना तिथे नेणं हे जेलपेक्षा सोपं वाटतं.

नवीन इमारत बांधायला पैसे नसतील, बहुतेकांकडे नसतातच, तर एखाद्या जनरल हॉस्पिटलमधली एक शांत खोली चालते. पण मग या गोष्टी लिहून घ्या:

दिवस रात्र एक नर्स तरी असेलच, आणि सायकियाट्रिस्ट फोनवर किंवा व्हिडिओवर किती मिनिटांत मिळेल ते नक्की. पोलिसांनी भरायचा फॉर्म एका पानाचा. हँडओव्हरची, म्हणजे माणसाला हॉस्पिटलकडे सोपवायची वेळ, समजा वीस मिनिटं किंवा अर्धा तास, तुम्हाला झेपेल ती पण आकड्यात. शारीरिक तपासणीत काय बघायचं याची छोटी ठरलेली यादी, नाहीतर प्रत्येक डॉक्टर वेगळी टेस्ट मागतो. आणि कुणी नकार दिला तर रात्री कुणाला फोन करायचा त्या अधिकाऱ्याचं नाव आणि नंबर. या शेवटच्या मुद्द्यावर मीटिंगमध्ये सगळे अवघडतात, तरी सोडू नका.

लॉकअपचा पर्याय कायद्यानेही बऱ्याच ठिकाणी बंद केलाय. भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १०० वाचा, मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ शकत नाही किंवा स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका आहे असं दिसलं तर पोलीस स्टेशनच्या इनचार्जने त्या माणसाला संरक्षणात घ्यायचं, कारण सांगायचं, लवकरात लवकर आणि जास्तीत जास्त २४ तासांत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीला न्यायचं, आणि कोणत्याही परिस्थितीत लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवायचं नाही. बेघर असेल तर बेपत्ता व्यक्तीची नोंद करून घरच्यांना शोधणं हे सुद्धा पोलिसांचंच काम. याच कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, उलटं सिद्ध झालं तरच वेगळा विचार. इंग्लंडमध्ये तिथल्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १३६ खाली पोलीस माणसाला सुरक्षित जागी नेऊ शकतात, तिथे २०१७ च्या बदलानंतर त्याला ठेवून घ्यायची ७२ तासांची मुदत २४ वर आली, १८ वर्षांखालच्या मुलांना पोलीस स्टेशनात ठेवणं बंद झालं, आणि शक्य असेल तेव्हा हे कलम वापरण्याआधी पोलिसाने मानसिक आरोग्यातल्या माणसाशी बोलून घ्यायचं हे बंधनकारक झालं. हा फोनचा नियम तर मला फार आवडतो, कुणीही उद्यापासून सुरू करू शकतं, त्यासाठी नवीन कायदा लागत नाही.

पायरी ४: मॉडेल निवडा, पण फॅशन बघून नको

साधारण चार प्रकार आहेत आणि बहुतेक शहरं त्यातले दोन तीन मिसळून वापरतात.

पहिला, फोनवरच सोडवणं. कंट्रोल रूममध्ये काउन्सेलर बसवायचा किंवा कॉल सरळ हेल्पलाईनला जोडायचा. अमेरिकेने जुलै २०२२ मध्ये ९८८ हा नंबर यासाठीच सुरू केला, भारतात ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस ही सरकारी हेल्पलाईन आहे, नंबर १४४१६. सगळ्यात स्वस्त आणि बरेच कॉल इथेच मिटतात. पण पोलिसांची इमर्जन्सी लाईन आणि ही हेल्पलाईन यांचं आपसात बोलणंच होत नसेल तर दोन बेटं तयार होतात, म्हणून कॉल इकडून तिकडे कसा द्यायचा आणि दिल्यावर पलीकडे उचलेपर्यंत लाईन सोडायची नाही, हे ठरवून घ्या.

दुसरा, ट्रेनिंग घेतलेले पोलीस, म्हणजे सीआयटी. त्याबद्दल वर लिहिलंच आहे.

तिसरा, एकाच गाडीत पोलीस आणि नर्स किंवा सोशल वर्कर. लॉस एंजेलिसमध्ये हे १९९३ पासून चालतंय, इंग्लंडमध्ये स्ट्रीट ट्रायाज म्हणून गेल्या दशकात बऱ्याच ठिकाणी आलं. याचा फायदा असा की जिथे थोडा धोका आहे तिथेही आरोग्यवाला पोचतो, आणि त्याला पेशंटची जुनी फाईल बघता येते, कोणतं औषध चालू होतं, डॉक्टर कोण. अडचण अशी की गाडी एकच असते आणि ती दुपारी ते रात्री एवढीच फिरते, बाकी वेळी पुन्हा जुनंच. शिवाय गाडीवर पोलीस लिहिलेलं असलं की काही लोक दारच उघडत नाहीत, म्हणून साध्या कपड्यात आणि साध्या गाडीतून जाणं बरं.

चौथा, पोलिसांशिवायची टीम. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या युजीन शहरात १९८९ पासून काहूट्स नावाची सेवा होती, व्हॅनमध्ये एक मेडिक म्हणजे प्राथमिक उपचार करणारा आणि एक क्रायसिस वर्कर, हत्यार नाही, अटकेचा अधिकार नाही, गरज लागली तरच पोलिसांना बोलवायचं. अमेरिकेतल्याच डेन्व्हर शहराने जून २०२० मध्ये स्टार नावाची अशीच सेवा सुरू केली, तिने, पहिल्या सहा महिन्यांत ७४८ कॉल घेतले आणि एकातही अटक झाली नाही, नंतरच्या एका अभ्यासात तिथल्या भागात किरकोळ गुन्ह्यांच्या नोंदी ३४ टक्क्यांनी कमी झालेल्या दिसल्या. स्टॉकहोममध्ये २०१५ पासून मानसिक आरोग्यासाठी वेगळी अँब्युलन्स आहे, त्यात दोन सायकियाट्रिक नर्स आणि एक ड्रायव्हर, आत स्ट्रेचरऐवजी बसून बोलायची सोय.

माझं मत विचाराल तर धोका नसलेल्या कॉलला चौथा प्रकार, धोका असेल तिथे तिसरा, आणि पहिला सगळीकडेच. दुसरा कधीच एकटा पुरत नाही.

पण पैशाचं आधी बघा. काहूट्स एवढी जुनी, जगभर नावाजलेली, तरी एप्रिल २०२५ मध्ये युजीनमधली सेवा पैशाअभावी बंद पडली. ३५ वर्षांचा अनुभव, लोकांचा विश्वास, सगळं असून. त्यामुळे एखाद्या ग्रँटवर दोन वर्षं चालवू मग बघू असं करू नका, पहिल्याच करारात तिसऱ्या वर्षाचा पगार कुणाच्या बजेटमधून येणार ते लिहा. लोकांना एकदा सवय लावून मग सेवा बंद करणं हे न सुरू करण्यापेक्षा वाईट असतं.

पायरी ५: कंट्रोल रूम

इथे कुणाचं लक्ष जात नाही पण खेळ इथेच ठरतो. फोन उचलणारा वायरलेसवर जे बोलेल तेच डोक्यात घेऊन पोलीस पोचतो. 'एक इसम चाकू घेऊन दंगा करतोय' आणि 'आई फोनवर आहे, मुलगा स्वयंपाकघरात एकटा बसलाय, हातात सुरी आहे, स्वतःला इजा करीन म्हणतोय, दुसऱ्या कुणाला धमकी नाही, लहान मुलं घराबाहेर आहेत', दोन्ही एकाच घरचे कॉल. पण पहिलं ऐकून जाणारा पोलीस हात हत्यारावर ठेवूनच उतरणार.

म्हणून फोन उचलणाऱ्यासाठी प्रश्नांचं एक कार्ड करा आणि टेबलावर चिकटवा. आत्ता या क्षणी कुणी जखमी आहे का? हातात काय आहे, आणि ते कुणाच्या दिशेने आहे? आधी असं झालंय का, तेव्हा कशाने शांत झाला? कोणती औषधं, किती दिवस घेतली नाहीत? दारू, गोळ्या, काही घेतलंय का? कुणाचं ऐकतो, कुणाला बघून चिडतो? कुत्रा, गर्दी, मोठा आवाज यांची भीती आहे का? घरचे घाबरलेले असतात, नीट सांगत नाहीत, पण एकेक प्रश्न सावकाश विचारला की सांगतात, आणि विचारता विचारता त्यांचाही आवाज खाली येतो.

नातेवाईकांना सुद्धा सांगून ठेवायला हवं की फोनवर पहिल्याच वाक्यात 'हा मानसिक आजाराचा कॉल आहे' असं स्पष्ट म्हणा. लाजेपोटी लोक 'भांडण झालंय' म्हणतात आणि तिथेच घोळ होतो.

पायरी ६: करार लिहा, छोटा लिहा

वीस पानी करार कुणी वाचत नाही, चार पाच पानं बस झाली. त्यात ठिकाणावर निर्णय कुणाचा ते स्पष्ट पाहिजे: जीवाला धोका असेपर्यंत पोलिसांचा, धोका संपला की आरोग्यवाल्यांचा, आणि 'आता तुमच्याकडे' हे तोंडाने बोलून द्यायचं, समजून घ्यायचं नाही. माणसाला नेणार कोण, अँब्युलन्स की पोलीस गाडी? माझ्या मते डीफॉल्ट अँब्युलन्स, पोलीस गाडी लागली तर कारण लिहायचं. हातकडी डीफॉल्ट नाही.

माहिती देण्याघेण्याचा भाग नाजूक आहे. पोलिसांना त्या रात्रीपुरतं हवं तेवढंच सांगायचं, जसं की हा माणूस मोठ्या आवाजाने बिथरतो, याची शुगर कमी होते, आईशी बोलणं करून द्या. पूर्ण निदान, जुन्या ॲडमिशन, घरातल्या गोष्टी हे पोलिसांच्या फाईलमध्ये जाता कामा नये, आणि मदतीसाठी दिलेली माहिती पुढे गुन्ह्याच्या तपासात वापरायची नाही हे सरळ एका वाक्यात लिहा. लोकांना एकदा वाटलं की फोन केला की नाव पोलिसांच्या यादीत जातं तर फोन येणंच बंद होईल.

आणखी एक धोका. इंग्लंडमध्ये हंबरसाईड पोलिसांनी 'राईट केअर, राईट पर्सन' हा प्रकार सुरू केला, म्हणजे जिथे गुन्हा नाही आणि जीवाला तातडीचा धोका नाही तिथे पोलीस जाणार नाहीत, आरोग्य सेवा जाईल. २०२३ मध्ये इंग्लंडमध्ये राष्ट्रीय पातळीवर तसा करार झाला. कल्पना योग्य आहे, पण पोलिसांनी मागे सरकायचं आणि पुढे यायला आरोग्याकडे माणसंच नाहीत असं झालं तर मधल्या खड्ड्यात पेशंट पडतो. म्हणून आधी टीम उभी करा, ती रात्री चालते हे बघा, मगच पोलीस कमी करा.

पायरी ७: ट्रेनिंग

आता ट्रेनिंगची वेळ. ४० तासांचा कोर्स असेल तर स्वतःहून आलेल्यांना घ्या, ज्याला यात रसच नाही त्याला जबरदस्तीने बसवून फार काही होत नाही. प्राथमिक ओळख मात्र सगळ्यांना, कंट्रोल रूम धरून. लेक्चर कमी आणि प्रसंग करून बघणं जास्त. आणि हे एकतर्फी नको, डॉक्टर नर्सनी सुद्धा पोलीस गाडीत एक नाईट शिफ्ट करावी, म्हणजे त्यांना कळेल की 'थोडं थांबा' म्हणजे रस्त्यावर काय असतं.

दोन विषय सोडू नका. पहिला, दिसतं मानसिक पण असतं शारीरिक. शुगर खाली गेलीय, डोक्याला मार लागलाय, फीट येऊन गेल्यानंतरची गोंधळलेली अवस्था, तापात बडबड, दारू अचानक सोडल्यावरची थरथर आणि भास, वयस्कर माणसाला लघवीचं इन्फेक्शन झाल्यावर एकदम येणारा गोंधळ. असा माणूस वेडा किंवा दारुडा समजून बाजूला बसवला तर जीव जाऊ शकतो. एकदम सुरू झालं असेल, घाम, ताप, बोलणं अडखळतंय, वेळ जागा समजत नाही, तर आधी अँब्युलन्स.

दुसरा, दाबून धरणं. पालथं पाडून पाठीवर किंवा मानेवर वजन टाकलं की श्वास कोंडतो, आणि माणूस श्वासासाठी धडपडतो ते विरोध वाटून अजून जोर लावला जातो. ब्रिटनमध्ये २०१० साली एका तरुणाला हॉस्पिटलमध्येच पोलिसांनी असं धरून ठेवलं, त्यानंतर तो गेला, त्याच्या आईवडिलांनी वर्षानुवर्षं लढा दिला आणि २०१८ मध्ये मानसिक आरोग्य युनिटमधल्या बळाच्या वापरावर कायदा झाला. म्हणजे जागा हॉस्पिटल आहे म्हणून माणूस सुरक्षित असं समजू नका. नियम साधा ठेवा, पालथं धरावं लागलंच तर लगेच कुशीवर किंवा बसतं करायचं, एकाने फक्त श्वास आणि चेहऱ्याचा रंग बघायचा, आणि 'श्वास घेता येत नाही' म्हणाला की सोडायचं, वाद घालायचा नाही.

पायरी ८: दारात पोचल्यावर

वरचाच कॉल घेऊ, स्वयंपाकघर, सुरी, आई. गाडी दोन घरं अलीकडे थांबते, सायरन आणि दिवे बंद. पोलीस दाराशी, पण बाजूला आणि अंतर ठेवून, मध्ये टेबल किंवा काहीतरी आडोसा. बोलणारा एकच, इतर सगळे गप्प, वायरलेसचा आवाज कमी. शेजाऱ्यांना आणि मोबाईलवर शूटिंग करणाऱ्यांना दुसरा पोलीस लांब करतो.

"माझं नाव अमुक. मी तुला त्रास द्यायला आलो नाही. तू खूप घाबरलेला दिसतोस. मी इथेच उभा आहे, जवळ येत नाही."

मग थांबायचं. उत्तर यायला वेळ लागतो, डोक्यात आवाज येत असतील तर तुमचं वाक्य पोचायलाच वेळ लागतो. 'सुरी टाक, सुरी टाक' असं वीस वेळा ओरडण्यापेक्षा "सुरी ओट्यावर ठेवलीस तर मला नीट बसून बोलता येईल" हे एकदा सावकाश. त्याला जे दिसतंय ऐकू येतंय ते खोटं आहे म्हणून भांडायचं नाही, आणि खरं आहे म्हणून हो ला हो पण करायचं नाही, "मला ऐकू येत नाहीये, पण तुला येतंय आणि त्याची भीती वाटतेय हे कळतंय" एवढं पुरतं. मरायचा विचार आहे का हे सरळ विचारायला घाबरू नका, विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही. छोटे छोटे पर्याय द्या, पाणी हवंय का, बसायचंय का, आईशी बोलायचंय की नको. आणि खोटं आश्वासन अजिबात नाही, हॉस्पिटलला न्यायचं असेल तर 'फक्त खाली चल' असं फसवून नेऊ नका, पुढच्या वेळी तो कुणावरच विश्वास ठेवणार नाही.

घाई कुणालाही नसावी. वेळ लागला तर लागू दे, हे साहेबांनी आधीच सांगितलेलं असलं पाहिजे, नाहीतर खालच्या माणसावर 'अजून किती वेळ' चं प्रेशर येतं.

पायरी ९: दुसऱ्या दिवशी

कॉल संपला म्हणजे काम संपत नाही. दोन तीन दिवसांत कुणीतरी फोन किंवा भेट, शक्यतो आरोग्यवाला किंवा यातून स्वतः गेलेला माणूस, पोलीस नको. औषध मिळालं का, अपॉइंटमेंट आहे का, जायला पैसे आहेत का, झोप झाली का. वारंवार येणाऱ्या पत्त्यांसाठी महिन्यातून एक केस मीटिंग, आणि त्या माणसाला आणि घरच्यांना घेऊन एक पानाचा प्लॅन, त्रास वाढतोय हे कशावरून कळतं, आधी कुणाला फोन, काय केलं तर बरं वाटतं, काय अजिबात करू नये. तो प्लॅन त्याच्या परवानगीने कंट्रोल रूमकडे.

अवघड कॉलनंतर पोलीस आणि क्रायसिस वर्कर यांच्याशीही कुणीतरी बोललं पाहिजे. कुणाला वाचवता आलं नाही तर ते वर्षानुवर्षं मनात राहतं, आणि पोलिसांमध्ये हे बोलून दाखवायची सवय नाही. काउन्सेलिंगची नोंद सर्व्हिस बुकात जाणार नाही अशी हमी द्या, नाहीतर कुणी येणार नाही.

पायरी १०: काय मोजायचं

किती जणांना ट्रेनिंग दिलं हा आकडा सगळे मोजतात आणि त्याने फार काही कळत नाही. हे मोजा: किती कॉलला पोलीस गेलेच नाहीत, बळाचा वापर किती वेळा आणि कोणत्या प्रकारचा, जखमी कोण झालं, अटक किती, हँडओव्हरला खरोखर किती मिनिटं लागली, हॉस्पिटलने किती वेळा आणि कोणत्या कारणाने नकार दिला, महिनाभरात तोच माणूस पुन्हा आला का. शिवाय ज्यांच्याकडे टीम गेली त्यांना आणि घरच्यांना विचारा की पुन्हा गरज पडली तर फोन कराल का.

सुरुवात छोटी करा. एक एरिया, कॉल जास्त येतात त्याच वेळा, सहा महिने. दर आठवड्याला अर्ध्या तासाची मीटिंग, त्यात मागच्या आठवड्यातले दोनच कॉल घ्यायचे, एक नीट झालेला आणि एक बिघडलेला. दोन्हीची कंट्रोल रूमची रेकॉर्डिंग लावायची, सगळ्यांनी बसून ऐकायची, आणि कुठल्या मिनिटाला काय वेगळं करता आलं असतं ते लिहून त्याच दिवशी प्रश्नांच्या कार्डात किंवा करारात बदल करायचा. बिघडलेल्या कॉलसाठी कुणाला त्या मीटिंगमध्ये झापायचं नाही, चौकशी करायची असेल तर ती वेगळी आणि दुसऱ्या खोलीत.